शिट्टी कुठून येतेय?

बाटल्यांची पत्र्याची झाकणं करणाऱ्या कारखान्यात त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. होते ते फिटर. पण एखादं मशीन कुरकुरायला लागलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, “डाव्या बाजूचं बेअरिंग. चार दिवस काढेल, पाचव्या दिवशी बसेल.” आणि ते पाचव्या दिवशी बसायचंच. चौतीस वर्षं त्यांनी त्या ठोक्यांच्या गदारोळात काढली आणि निवृत्त झाले तेव्हा अर्धे कान तिथेच ठेवून आले.

हे त्यांना कळलं मात्र बायको गेल्यावर. ती होती तोवर काही अडलं नाही. कुणाकडे गेलं की ती त्यांच्या उजव्या बाजूला बसायची आणि समोरचा बोलला की स्वतःशीच बोलल्यासारखं पुन्हा म्हणायची, “अगंबाई, मुलीला नोकरी लागली म्हणायची!” मग डॉक्टर विचारायचे, “वा, कुठे लागली?” लोकांना वाटायचं, या बाईंना प्रत्येक गोष्टीचं भारी नवल. डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. ती गेली, आणि भेटायला आलेली माणसं त्यांना नुसते ओठ हलवताना दिसायला लागली.

वर्षभरापूर्वी त्यांनी गुपचूप कानामागे बसवायचं यंत्र घेतलं. केस थोडे वाढू दिले, म्हणजे दिसायला नको. धाकट्या भावाला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. मशीनचा डॉक्टर, आणि त्याच्याच कानाला यंत्र! भाऊ तर हसून हसून जीव घेईल, अशी त्यांना धास्ती होती.

भाऊ, बहीण आणि भावाची मुलगी तीन वेगवेगळ्या गावांत. दर रविवारी सकाळी दहा वाजता सगळे कॉम्प्युटरवर भेटायचे. ही सोय पुतणीने केलेली. तिचाच जुना कॉम्प्युटर डॉक्टरांच्या खिडकीपाशी मांडलेला. आठवड्यात त्यांच्याशी कुणी हाक मारून बोलायचं ते या पाऊण तासात.

पहिली तक्रार आली त्यांच्याकडून येणाऱ्या घरघरीची. डॉक्टरांनी मेन स्विच बंद करून भिंतीतला सॉकेट उघडला, तर अर्थिंगची वायर सुटून लोंबत होती. ती घट्ट केली, घरघर बंद. मग पुतणी म्हणाली, “काका, आमचंच बोलणं आम्हाला परत ऐकू येतंय. तुमच्या स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतोय. हेडफोन लावा ना.” त्यांनी दोन्ही कान झाकणारा, तोंडापुढे माईकची दांडी असलेला हेडफोन आणला. घुमणं थांबलं.

आणि त्याच रविवारी शिट्टी सुरू झाली.

“कुणाच्या माईकमधून शिट्टी येतेय?” बहिणीने विचारलं.

“दादा, कुकर लावून बसलायस की काय?” भाऊ म्हणाला.

डॉक्टरांना काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी पुतणी म्हणाली, “काका, तुमचा माईक आत्तापुरता बंद करते हं. नंतर करू चालू.” ते ‘नंतर’ काही आलं नाही. पुढचे चार रविवार डॉक्टर पडद्यावरच्या आपल्या चौकटीत नुसते मान डोलवत बसले. एकदा बहीण म्हणाली, तिला जिना चढताना धाप लागते. हे पटकन म्हणाले, “अगं, मग तपासून घे ना!” मोठ्याने म्हणाले, पण खोलीतच. तिकडे विषय बदललासुद्धा.

पण हात बांधून बसणारा माणूस नव्हता तो. त्यांनी वही काढली. रोज एक गोष्ट बदलायची आणि पाच मिनिटं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा. सोमवारी हेडफोनची पिन दुसऱ्या भोकात घातली. मंगळवारी माईकचा आवाज निम्म्यावर आणला. बुधवारी पंखा बंद, गुरुवारी फ्रिज बंद, शुक्रवारी माईक हनुवटीखाली. रेकॉर्ड करायला बोलणार काय? ते सकाळपासून काय केलं ते सांगायचे. दूध आणलं, बटण शिवलं, खालचा नळ गळतोय. मग तेच ऐकायचे. आवाज कसा धुतल्यासारखा स्वच्छ! शिट्टी नाही की फिट्टी नाही.

चौथ्या रविवारनंतर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. शिट्टीबिट्टी काही नसेलच. म्हाताऱ्याची बडबड नको म्हणून काढलेली पळवाट असेल. हा विचार त्यांनी दोन दिवस चघळला, जेवण तोंडात फिरायला लागलं. तिसऱ्या दिवशी हेडफोन पिशवीत घालून ते कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकानवाली तिशीची, कपाळावर भिंग अडकवलेली. तिने हेडफोन स्वतः लावून बोलून पाहिलं. “काही नाही हो यात. चांगला आहे.”

“तेच म्हणतोय मी!” डॉक्टरांना जोर आला. “घरचे म्हणतात, शिट्टी वाजते.”

“तुम्ही लावा बरं.”

त्यांनी लावला. तिने एकदम खांदे आक्रसले, पलीकडचं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं. ती उठून जवळ आली, त्यांच्या कानापाशी वाकली, मग मागे सरून हळूच स्वतःच्या कानामागे बोट लावून दाखवलं.

“हे काढून लावा.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं, हेडफोन पुन्हा लावला. शिट्टी गेली, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. हेडफोन कानावर दाबून बसला की यंत्राचा आवाज यंत्रातल्याच बारीक माईकमध्ये परत जायचा आणि यंत्र किंचाळायचं. आणि तेवढा बारीक आवाज ऐकायची ताकद डॉक्टरांच्या कानांत उरलीच नव्हती. दुकानवाली बरंच काही समजावत होती. त्यांना एक अक्षर कळेना. मग तिने खोक्याच्या झाकणावर ठळक लिहून दिलं: ‘यंत्राला कॉम्प्युटर थेट जोडायची वायर मिळते. मागवून देते.’

वायर यायला दहा दिवस होते. मधल्या रविवारी डॉक्टर यंत्र काढून, हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून बसले. त्यांनी खुणेने विचारल्यावर पुतणीने माईक चालू केला आणि अंगठा दाखवला. आज ते बोलू शकत होते. पण बोलणं उशीतून आल्यासारखं येत होतं. भावाच्या घराचं रंगकाम उरकलं, एवढं त्यांनी पकडलं. मग बहीण काहीतरी सांगायला लागली, तेही रंगकामाचंच असावं असं त्यांनी धरलं. तिचं संपल्यावर आपणही काही बोलावं म्हणून ते हसून म्हणाले, “छान झालं! एकदाचं संपलं. किती दिवस रखडलं होतं!”

तिन्ही चौकटींतली माणसं जागच्या जागी थिजली. डॉक्टरांना वाटलं, माईक पुन्हा बंद पडला. त्यांनी दांडीवर टिचकी मारून पाहिली. तेवढ्यात पुतणीने टाइप केलेली ओळ उमटली: ‘काका, आत्याची शेजारीण वारली. तीस वर्षांची मैत्रीण.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

“मला ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही. कानाला यंत्र आहे, शिट्टी त्याची होती. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही.”

भाऊ हसला नाही. त्याने चष्मा काढला आणि खाली बघत पुसत बसला. हसला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटून गेलं. मग सगळे एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले, त्यामुळे होतं तेही कळेना. पुतणीने पुन्हा लिहिलं: ‘कधीपासून?’

“तुझी काकू गेल्यापासून,” ते म्हणाले.

वायर आली. आवाज दोन्हीकडून स्वच्छ झाला, अगदी भावाचं घसा खाकरणंही कळायला लागलं. बहीण त्यांच्यावर रागावली नव्हती. उलट तिने बुधवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवरच वेगळा फोन करायला सुरुवात केली. दोघंच तासभर बोलायची, गेलेल्या मैत्रिणीबद्दल, वहिनीबद्दल. तीन बुधवार असे झाले. चौथ्या बुधवारी तिच्याकडे पाहुणे होते, पाचव्याला ती विसरली. पुढे जमेल तसं व्हायला लागलं.

डॉक्टर बुधवारी अकराला यंत्राला वायर जोडून बसतात. साडेअकरापर्यंत वाट बघतात. मग वायर गुंडाळून खणात ठेवतात आणि दूध आणायला खाली उतरतात.