न्हाणीतला दांडा

जाऊबाई अन् मी, आम्ही दोघी विधवा, प्रताप नगरात माह्या लेकाच्या घरी राहतो. लेक जाऊबाईले मोठीमाय म्हणते.

एकदा त्याईचा तोल गेला तवा लेकानं बर्डीच्या बाजारातून स्टीलचा दांडा आणला अन् न्हाणीच्या भिंतीत पक्का बसवला. मले म्हणे, "माय, हा मोठीमायले धराले आहे. याच्यावर टॉवेलबी टाकू नको." मी म्हटलं, बरं.

मी नऊवारी नेसते. आपलं लुगडं आपल्याच हातानं धुते, सुनेच्या मशीनमधी कधी टाकू देलं नाई. पहिले पिळून गच्चीवर नेत होती. आता गुडघे चालत नाईत, अन् ओलं लुगडं लय जड होते. मंग मी ते दांड्यावरच निथळाले टाकाची. सून हापिसातून आली का वर नेऊन वाळू घाले. आमची जिंदगी एका खोलीत गेली, तिथं खिळाबी कधी रिकामा ठेवला नाई. दांडा रिकामा दिसला का हात आपोआप जाये.

त्या दिवशी मी मेथी निवडून रायली होती. जाऊबाई न्हाणीत गेल्या. पाय सरकला अन् त्याईनं दांडा धरला. पण हाती आलं माहं लुगडं. ते त्याईच्यासंगंच खाली आलं.

आवाजानं मी धावली. जाऊबाई फरशीवर, लुगडं त्याईच्या अंगावर. मी पहिले लुगडं उचललं, बादलीत टाकलं. मंग त्याईले हात देला.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. लेकानं इचारलं, "मोठीमाय, दांडा होता न, काहून नाई धरला?"

"हात पोचला नाई रे बाबू. म्हातारा हात."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. त्याईच्या पायावरची चादर सारखी करत रायली.

घरी आल्यावर लेक म्हणे, "आता मोठीमायले न्हाणीत जाऊच नाई द्याचं. हातच पोचत नाई तं दांडा काय कामाचा? पलंगावरच अंग पुसाचं." जाऊबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या बाईनं बाळंतपणातबी दुसऱ्याकडून आंघोळ करून घेतली नव्हती.

मंग मले राहवलं नाई. म्हटलं, "हात पोचला होता. दांड्यावर माहं लुगडं होतं."

लेक उठला. न्हाणीत जाऊन दांडा हलवून पाहून आला.

"सांगतलं का शेवटी?" जाऊबाई म्हणे. "म्या झाकून ठेवलं तं तुले पचलं नाई वं."

आता त्या वॉकर घेऊन हळूहळू न्हाणीत जातात. दांड्याले हात लावाच्या आधी दारात थांबतात.

"तुहं लुगडं नाई ना वं?"

"नाई, बाई."

तरी पहिले बोटानं चाचपतात, मंग धरतात. त्या बाहेर येतपर्यंत मी दारातच उभी राहते. लुगडं बादलीतच असते, सून येतपर्यंत.