झिनार नावाची कबर

गलावेज मावशी आमच्या गावात आली ती मुलीला परत न्यायला. मुलगी रूपाक, एकोणीस वर्षांची, रानिया शहरातल्या घरातून निघून कंदील नावाच्या डोंगरात, सरकारशी लढणाऱ्या बंदूकवाल्यांकडे गेली होती. आठवडाभरात सापडेल असं मावशीला वाटलं होतं. ती आठ वर्षं राहिली. आमच्या भिंतीला लागून खोली घेतली, तंदूर बांधला आणि रोट्या भाजून विकू लागली. रोट्या गावात खपत, उरलेल्या वर डोंगरात जात.

डोंगरात गेलं की जुनं नाव टाकून नवं घेतात, हीच अडचण होती. दर महिन्याला मावशी फोटो घेऊन घाटातल्या बंदूकवाल्यांच्या चौकीवर जायची. तिथल्या पोरी चहा द्यायच्या आणि सांगायच्या, "आई, या नावाचं इथं कुणी नाही."

"नाव काही का असेना. डाव्या भुवईत खोक आहे बघा. शेळीनं मारलंय."

"इथं सगळ्यांनाच खोका आहेत, आई."

संध्याकाळी रेडिओवर विमानांच्या माऱ्यात गेलेल्यांची नावं सांगत. मी बंद करायला उठलो की मावशी म्हणायची, "राहू दे." नाव आलं की तिचे हात कणकेत थांबायचे. नवी नावं, त्यातलं तिचं कुठलं, कसं कळणार?

माझी बायको हलाला एकदा म्हणाली, "मावशी, घरी जा आता. काका तिकडे रानियात एकटे पडलेत."

"पडू दे. त्यांना स्वयंपाक येतो."

गेल्या वसंतात पायाला जखम झालेली एक पोरगी औषधपाण्यासाठी गावात उतरली. रोट्या घ्यायला आली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली.

"ही तर झिनार," ती म्हणाली.

मावशीनं तंदूरमधली रोटी आधी बाहेर काढली. मग विचारलं, "कुठं आहे?"

पोरीनं शेजारी उभ्या हलालाकडे पाहिलं. "तीन वर्षं झाली, आई. बॉम्ब पडला."

मावशीनं रोटी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"मी इथं खाली आहे, हे माहीत होतं तिला?"

"होतं."

"मग एकदा तरी आली का नाही?"

"आली असती तर तुम्ही परत जाऊ दिलं असतं का?"

मावशी रडली नाही. तिला राग आला, तो कितीतरी दिवस उतरला नाही. हलालानं नेलेलं जेवण तसंच परत यायचं. "वरून खाली पाव तासाची वाट," एवढंच ती म्हणायची, "पाव तासाची."

काकांना मीच फोन केला. ते पहिल्यांदा गावात आले, इस्त्रीचे कपडे घालून. दोघांना मी पिकअपमधून उतारावरच्या कबरस्तानात नेलं. दगडावर फक्त झिनार लिहिलं होतं. खाली रूपाक लिहा, असं काकांनी राखणदाराला सांगितलं. तो म्हणाला, "वर विचारावं लागेल."

काका दगडापाशी बसले. माती हाताखाली दाबून पाहिली.

"हीच का गं?"

"हीच म्हणतात," मावशी म्हणाली.