मागची लिफ्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळतच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी लॉ कॉलेजात अमेरिकेची राज्यघटना शिकवायचे. ब्राउन खटला हा माझा खास आवडीचा. काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा — वेगळी, पण म्हणे समान — आणि न्यायालयानं सांगितलं, वेगळं काढणं हीच मुळात असमानता. हे शिकवताना माझा आवाज भरून यायचा. मुलं टाळ्या वाजवायची.

सोसायटीत आणखी एकच मराठी घर. सहाव्या मजल्यावरची संगीता कांबळे, एका मंत्रालयात अधिकारी होती. मला ताई म्हणायची. तिची आई नागपूरहून येऊन राहायची. त्या मावशींच्या हातचं मी कितीदा जेवले होते.

मग कमिटीनं ठरवलं, कामवाल्या बायकांनी मागची लिफ्ट वापरायची. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आप तो लॉ वाली हैं, नोटीस ज़रा ढंग से लिख दीजिए." आणि मी — लिहिली. शेवटचं वाक्य तर कुणी न सांगता जोडलं: दोन्ही लिफ्टमधली सोय सारखीच आहे. कळतंय ना, काय लिहिलं मी? मलाही कळत होतं. लिहितानाच.

पंधरा दिवसांनी भाजी घेऊन मी पुढच्या लिफ्टमध्ये शिरले. आत सेक्रेटरींची बायको होती. मागोमाग मावशी आल्या — सुती लुगडं, रबरी चपला, हातात दुधाची पिशवी. गार्डनं हात आडवा घातला. "अम्मा, पीछे वाली लिफ्ट. नोटीस लगा है."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या. "सांग ना गं याला, मी संगीताची आई म्हणून."

एवढंच तर बोलायचं होतं. पण शेजारी उभ्या बाईला काय वाटेल — ही त्यांच्यातली? — हा विचार आधी आला. मी बटन दाबलं. दार मिटेपर्यंत मावशी हसतच होत्या.

मागची लिफ्ट तेव्हा बिघडलेली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी मावशी सहा मजले चढल्या.

संध्याकाळी संगीता माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते. मावशींनी घरी माझं नाव घेतलंच नव्हतं. का? विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

"ताई, ही नोटीस लिहिली कुणी?"

"कमिटीनं," मी म्हटलं. "मला तर पत्ताही नव्हता गं."

वर तिला चहा करून दिला.

मीटिंगमध्ये ती एकटीच भांडली. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी गेले नाही. नोटीस तशीच राहिली. मावशी पुन्हा दिल्लीला आल्या नाहीत, आणि वर्षभरात संगीतानं फ्लॅट विकला.

सामान ट्रकमध्ये चढल्यावर ती माझ्या दारात आली, मला मिठी मारली. म्हणाली, "ताई, इथं माझं म्हणावं असं तुम्हीच होता."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि म्हटलं, "येत जा हं अधूनमधून."