घळीतल्या उंदरांचं पुनर्वसन

आमच्या गावात उंदीर मारत नाहीत. तारेच्या पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावतात, सकाळी पिंजऱ्यावर पोतं टाकून नाल्यापलीकडे नेतात आणि सोडून देतात. गणपतीचं वाहन, मारायचं कसं? नाल्यापलीकडची वस्तीही तेवढीच देवभोळी. ती आपले उंदीर अलीकडे आणून सोडते. माझ्या काकांनी, म्हणजे नानांनी, एकदा एका उंदराच्या शेपटीला कपड्यांची नीळ फासून त्याला पलीकडे सोडलं. आठवड्याच्या आत निळ्या शेपटीचे पाहुणे परत आमच्या कणगीपाशी हजर. नाना पोट धरून हसले आणि त्याला पुन्हा नाल्यापलीकडे पोचवून आले.

हे गमतीचं आहे, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं काही नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमचं गाव शिरपूरच्या उत्तरेला, कपाशी संपते आणि सातपुडा चढायला लागतो तिथं. मी धुळ्याला कॉलेजात होते आणि आमच्या मुलामुलींच्या गटासाठी पत्रकं लिहीत होते. सायक्लोस्टाईलची शाई नखांतून निघायची नाही. बसस्टँडवर लोक पत्रक घ्यायचे, त्यात शेंगदाणे बांधायचे, आणि मी त्यांच्याशी भांडायचे.

त्या वर्षी आमचा मुद्दा होता गावावरची घळ. डोंगराच्या खोबणीत अरुंद, अंधारी जागा. भर मे महिन्यातही आतला झरा आटत नाही. जांभूळ, उंबर, करंज असे दाटलेले की दुपारीही थंडी वाजावी. त्या घळीच्या तोंडाशी भिंत घालून तलाव करायचा ठरत होता. नानांना तो तलाव हवा होता. होळीच्या आधीच विहिरी तळाला जायच्या, बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालायच्या. त्यांची मागणी खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घळ बुडवून? जेवताना आमचं रोज जुंपायचं.

"धुळाले नळनं पानी पीस नि आम्हले झाडं शिकाडस!" नाना म्हणायचे.

"नाना, खाली नाल्यावर बांध घाला ना. घळच कशाला?"

"खाले झरा शे का?"

माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'आपलं जंगल अनादी आहे! अखंड आहे!' ते मला फार आवडलं होतं. पहिला दणका तिथंच बसला.

दोन हिवाळे पुण्याहून एक संशोधक बाई आमच्याकडे उतरायच्या. त्या झाडउंदरांवर काम करत होत्या. पांढऱ्या पोटाचा, लांब शेपटीचा, ढोलीत राहणारा प्राणी, तळहातावर मावेल एवढा. त्या पत्र्याच्या पेटीत तो पकडायच्या, कानाची टाचणीच्या डोक्याएवढी कड कापून कुपीत ठेवायच्या आणि त्याला पकडला त्याच झाडापाशी सोडायच्या. त्याच झाडापाशी, हे त्या नेहमी बजावायच्या. आम्ही कुणी ते नीट ऐकलं नव्हतं. माझं पत्रक वाचून त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे."

मी खवळले. त्या शांतपणे चहा पीत बोलत राहिल्या. जंगल अनादीही नाही आणि अखंडही नाही. हिमयुगांत ते कितीदा आक्रसलं आणि पुन्हा पसरलं.

"हिमयुग? सातपुड्यात बर्फ होता?"

"बर्फ उत्तरेकडे. इथं पाऊस गेला. हजारो वर्षं पावसाळा दुबळा होता. तुमच्या डोंगरावर बहुधा नुसतं गवत आणि काटे होते. ओलं जंगल उरलं असेल ते अशा झरा असलेल्या घळींत."

मी चहा प्यायचं विसरले. लहानपणापासून जो डोंगर मी हिरवा पाहिला, तो कधीकाळी बोडका होता? आणि ही चिंचोळी घळ तेव्हाही ओली होती, आणि हे तळहाताएवढे जीव तिच्यात अडकून पडले होते? पिढ्यान् पिढ्या, बाहेर पडायला वाट नाही म्हणून?

मग बाईंनी पुढचं सांगितलं. घळीच्या वर खडकाची उघडी, बिनझाडाची सोंड आहे, तिच्यापलीकडे मोठं जंगल. कानाच्या तुकड्यांच्या तपासणीत तिथले झाडउंदीर सगळे जवळपास एकसारखे निघाले होते. पाऊस परतल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी आसऱ्यातून मूठभर आले आणि त्यांचीच प्रजा तिथं पसरली, असा बाईंचा अंदाज. आमच्या एवढ्याशा घळीत मात्र अनेक तऱ्हा होत्या, पलीकडे कुठंच नसलेल्या. दिसायला दोन्हीकडचे सारखेच. फरक रक्तात. "एखादा रोग आला, पाऊस पुन्हा गेला, तर तगायची ताकद या वेगळेपणात असते," त्या म्हणाल्या. "घळ बुडाली की ते कायमचं गेलं."

मी पहिलं पत्रक चुलीत घातलं आणि त्यांना गावापुढे बोलायला उभं केलं. निंबाच्या पारावर सगळे जमले. वंशावळ, रक्त, पूर्वज असे शब्द आले तशी माणसं सरसावून बसली. आमच्याकडे दर काही वर्षांनी भाट येतो आणि घराण्याचे पूर्वज मोठ्यानं वाचून दाखवतो, म्हणून हे त्यांना लगेच कळलं.

"उंदरेस्ना भाट उनी!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा पार हसला. बाईही हसल्या.

पण नाना हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, म्हणजे हे आमच्याही आधीचे इथले?"

"कितीतरी आधीचे."

"मग त्यांना बुडवणं पाप आहे," नाना म्हणाले. सभेत आणि बाईंशी ते शहरी मराठी बोलत. मला वाटलं, जिंकलो! परीक्षेसाठी मी धुळ्याला गेले ती उड्या मारतच.

परत आले तर नाना एस.टी.च्या थांब्यावर उभे. चेहरा असा की घरात लग्न ठरलंय.

"पोरी, तुनं काम व्हयी गयं. बठ्ठा उंदीर पल्याड सोडी उनूत आम्ही."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला: घळीतले सगळे झाडउंदीर त्यांनी पलीकडे नेऊन सोडले होते.

झालं होतं असं. तलावाच्या मोजणीला आलेल्या साहेबाला नानांनी उंदरांची अडचण सांगितली. साहेब म्हणाला, "धरणासाठी आपण माणसं हलवतो, उंदरांचं काय घेऊन बसलात? करा पुनर्वसन." एवढंच. नोकरीत माणसांची गावंच्या गावं उठवलेल्या माणसाचं हे उत्तर! गावानं ते खरं मानलं. घराघरातले पिंजरे गोळा झाले. शेंगदाणे आणि गूळ लावून घळीतल्या झाडाझाडावर बांधले. रोज सकाळी पोतं झाकून खडकाची सोंड ओलांडायची आणि पलीकडच्या मोठ्या जंगलात नेऊन सोडायचं. पहिल्या दिवशी नारळही फोडला. आणि उंदरांची सोय झाली म्हणून ग्रामसभेनं तलावाला होकार दिला.

"झरा आमले, जंगल त्यासले," नाना म्हणाले. "रडस काय? बठ्ठा जिवंत शेतस."

मी रडत नव्हते. कुणावर ओरडू? साहेबाला शिव्या देणं सोपं होतं, त्या मी दिल्याही, कचेरीत जाऊन, सगळ्यांसमोर. पण नानांना काय म्हणू? ज्या हातांनी निळ्या शेपटीचा उंदीर जपून नाल्यापलीकडे नेला, त्याच हातांनी त्यांनी हिमयुगानं वेगळं ठेवलेलं एका आठवड्यात एकत्र ओतलं होतं. दयेनं!

तार करून बाईंना बोलावलं. त्या ओसरीवर बसल्या आणि किती उंदीर, कुठं सोडले, ते नानांना विचारत राहिल्या.

"बरेचसे मेले असतील," शेवटी म्हणाल्या. "तिथल्या ढोल्या तिथल्यांच्या आहेत. उरतील ते त्यांच्यात मिसळतील."

नाना गडबडले. "ताई, त्यांना नाही रुचलं तर येतील की परत. आमचे येतात."

"नाना, ती उघडी सोंड ओलांडून एकही झाडउंदीर इकडचा तिकडे गेल्याची खूण मला सापडली नाही. त्यांच्यासाठी तो नाला नाही."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते, आणि पिंजरेही नव्हते.

आम्ही दोघी वर चढलो. नाना खडकाच्या सोंडेवर उन्हात बसलेले, समोर पिंजऱ्यांची ओळ. आदल्या संध्याकाळीच पलीकडच्या जंगलात लावून आले होते, घळीतले परत आणायला. दोन-तीन पिंजऱ्यांत झाडउंदीर होते, पांढरी पोटं धपापत होती. खाली एका बाजूला घळ, तिच्या तोंडाशी चुन्यानं आखलेली भिंतीची रेघ इथूनही दिसत होती. दुसऱ्या बाजूला मोठं जंगल.

बाईंनी एकेक पिंजरा उचलून कान पाहिले; घळीतल्यांचा त्या डावा कान कापत, पलीकडच्यांचा उजवा. कड कापलेला एकही नव्हता.

"ताई, सांगा," नाना म्हणाले, "यातला आपला कोणता?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. नुसतं पाहून सांगता येत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं.

नानांनी एका पिंजऱ्याच्या दाराला हात घातला. घळीकडे पाहिलं. मग जंगलाकडे पाहिलं. मग हात काढून घेतला, आपलं पोतं पिंजऱ्यांवर पसरलं, उंदरांना ऊन लागू नये म्हणून, आणि माझ्याकडे बघत राहिले. पत्रक लिहिणारी मी, वाऱ्यानं पोतं उडू नये म्हणून त्याच्या कडेवर दगड ठेवत गेले.