काचेच्या हौदाला नवसाचा शेंदूर

रेणुकादास मास्तरांचं नाव माहूरच्या देवीवरून ठेवलेलं, पण देवीशी त्यांचं कधी फारसं जमलं नाही. नांदेडच्या सरकारी शाळेत ते साइन्स शिकवायचे, तेही उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात दुसरी सोयच नव्हती. पोरांनी भुताखेताचं काही काढलं की मास्तर छडी टेबलावर आपटून विचारायचे, "सबूत काय त्याला?" पोरं पाठीमागं त्यांना सबूत मास्तरच म्हणायची. माणूस सरळ, शिस्तीचा आणि एक नंबरचा हट्टी. नेमकं अशाच्या घरात असं काही घडावं, याला काय म्हणायचं?

घर दोन खोल्यांचं, गोदावरीच्या अंगाला. पुढच्या खोलीत चौरंगावर एक काचेचा हौद होता. लोखंडी चौकट, चारी बाजूंना काचा, तळाला दगडी फरशी, आत दोन लाल मासे. कोर्टातल्या एका मुन्सिफसाहेबांची बदली झाली तेव्हा नेताना फुटेल म्हणून ते मास्तरांच्या गळ्यात मारून गेले होते. मास्तरांची एकुलती एक पोर सिंधू, पाच वर्षांची, तिचा सगळा जीव त्या माशांत. कोपरापर्यंत हात बुडवायची, पाणी सांडायची, त्यातच पाय भिजवून घरभर हिंडायची. फरशीवर चिमुकली ओली पावलं उमटायची आणि तिची आई प्रमोदिनी फडकं घेऊन मागं मागं फिरायची. "एक दिवस कुणाचं तरी कंबरडं मोडायला लावशील तू," असं रोज म्हणायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या सालात सिंधूला मुदतीचा ताप भरला. प्रमोदिनीनं माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलला: पोर उठून बसली तर पायी येईन आणि तुझं मुख शेंदरानं माखीन. बाजारातल्या शेंदरात विटेचा भुगा असतो म्हणून तिनं मुद्दाम उदगीरहून, गुरुबसप्पांच्या दुकानातून अस्सल शेंदूर मागवला. हातात घेतला की वजनानं मनगट खाली जाई, असा. शेंदूर आला आणि पोर गेली. जाण्याआधी तापातच तिनं बापाला सांगितलं होतं, "बाबा, मासे मरू देऊ नका." बाप हो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

शेंदराची पुरचुंडी प्रमोदिनीनं देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली. ना माहूरला पाठवली, ना फेकून दिली. "तिनं माझं दिलं न्हाई, मी तिचं देणार न्हाई," एवढंच बोलली, आणि मग त्या खुंटीला कुणाचा हात लागला नाही.

वर्ष उलटायच्या आत हौद गळायला लागला. काचेच्या सांध्यांत गळू नये म्हणून भरलेलं जुनं लुकण वाळून भेगाळलं होतं, दुसरं काही नाही. रोज सकाळी हौदापाशी फरशी ओली. पण ती फरशी कुठं खोलगट, कुठं उंच; पाणी सलग पसरायचं नाही, ठिपके ठिपके होऊन दाराकडं जायचं. एका सकाळी प्रमोदिनी त्या ठिपक्यांकडं बघत उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "येऊन गेली."

"अगं, लुकण गेलंय त्याचं," मास्तर म्हणाले.

"असंल," ती म्हणाली, आणि फडकं आणायला गेलीच नाही. जिनं पोर होती तोवर रोज ती पावलं पुसली, ती आता पुसायची नाही. संध्याकाळी घागरीनं हौद भरायची, सकाळी उठून फरशी बघायची, आणि मग दिवसभर तिला बरं वाटायचं. चार घास जेवायची. केस विंचरायची. मास्तरांना हे कळत होतं, आणि कळूनही राग यायचा. कारण गळती वाढत चालली होती. एका सकाळी पाणी पार तळाला गेलेलं, आणि दोघांतला एक मासा आडवा पडलेला. मास्तर त्याला ओंजळीत धरून कितीतरी वेळ बसले. उरला एक. तो गेला तर पोरीला दिलेला शब्द गेला.

"आज दुरुस्त करून घेतो," ते म्हणाले.

"करू नका," प्रमोदिनी म्हणाली. "माझ्या पोरीची वाट आहे ती."

तर असं होतं बघा. बापाला मासा जगवायचा होता आणि आईला गळती. दोघांनाही पोरच हवी होती.

पुढच्या पंधरवड्यात प्रमोदिनीच्या भावाकडं चाकूरला मुंज निघाली आणि ती चार दिवस गेली. जाताना धुण्याभांड्याच्या साखराबाईला हौद भरायला बजावून गेली. मास्तर तिची गाडी हलायचीच वाट बघत होते. मासा त्यांनी मातीच्या डेऱ्यात सोडला, हौद मोकळा केला आणि जुनं लुकण खरवडून काढलं. खडू आणि तेलाचं साधं लुकण पाण्यात टिकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मुन्सिफसाहेब सांगून गेले होते: शेंदूर आणि कढवलेलं जवसाचं तेल, दुसरं काही चालत नाही. जवसाचं तेल घरात होतं. बाजारातला शेंदूर त्यांनी चिमटीत घेऊन पाहिला, हलका, सगळी वीट. अस्सल शेंदूर साऱ्या गावात एकाच ठिकाणी होता, त्यांच्याच देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला.

नवसाचा शेंदूर घरकामाला कुणी लावत नाही. मास्तरांनाही हे माहीत होतं, त्यांच्याही आईनं माहूरच्या पायऱ्या चढूनच त्यांना मागून घेतलं होतं. पण मास्तरांनी पुरचुंडी सोडली, तेलात शेंदूर मळला आणि बोटानं सांध्यासांध्यात दाबून भरला. हौदाच्या चारी कडा देवीच्या मुखासारख्या लालभडक दिसायला लागल्या.

साखराबाई दारात येऊन थबकली. हातातली बादली तिनं खाली ठेवली. "मास्तर, ह्यो खुंटीवरचा?"

"हाव."

"देवीच्या शेंदरानं वाट बांधली तुमी," ती म्हणाली. "आमच्याकडं मेलेलं माणूस परत येऊ नये म्हणून असाच शेंदूर वढतेत उंबऱ्यावर. आता कशी येईल लेकरू?"

सबूत काय, असं मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण ते बोलले नाहीत, आणि आपण बोललो नाही याचीच त्यांना भीती वाटली.

प्रमोदिनी परतली. तिनं लाल सांधे पाहिले, मोकळी खुंटी पाहिली. मास्तर शिव्याशाप ऐकायला तयार होऊन उभे होते. ती हातपाय धुऊन चुलीपाशी गेली.

सांधे सुकले, दगडासारखे झाले. मास्तरांनी पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं, शेंदराचा विषारी अंश निघून जावा म्हणून कितीदा तरी. मग मासा सोडला. तो खुशाल पोहायला लागला. थेंब गळेना. काम असं झालं होतं की मुन्सिफसाहेबांनी पाठ थोपटली असती.

आणि घर कोरडं पडलं. प्रमोदिनी सकाळी उठून फरशीवर तळहात फिरवायची, कोरडा हात पदराला पुसायची आणि तिथंच बसून राहायची. जेवण सुटलं. केसांचा गुंता झाला. रागावली असती तर मास्तरांना सोसलं असतं; हे सोसेना. त्याहून वाईट म्हणजे तेही आता उठल्या उठल्या, तोंड न धुता, आधी फरशी बघायचे. सांध्यावरून बोट फिरवायचे आणि बोट ओलं व्हावं असं मनातून वाटायचं. एकदा तर चाकूचं टोक लावून पाहिलं त्यांनी. शेंदूर हलेना, काच मात्र कुरकुरली. आत मासा एका कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. मास्तरांनी चाकू ठेवून दिला.

शेवटी एका उन्हाळी सकाळी, बायको आत चूल पेटवत असताना, मास्तर तांब्याभर पाणी घेऊन हौदापाशी गुडघ्यांवर बसले. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा घरोघर बाया मुठीच्या कडेनं पावलं काढतात, वर पाच बोटांचे ठिपके देतात. जन्मभर पाहिलेलं ते. मास्तरांनी मूठ भिजवली, फरशीवर टेकवली, ठिपके दिले. चिमुकलं पाऊल उमटलं. मग पुढं दुसरं. असे सरकत सरकत ते उंबऱ्यापर्यंत गेले, आणि मागं वळून बघतात तो प्रमोदिनी उभी.

चोरी पकडल्यासारखे मास्तर खाली बघत राहिले. ती पावलांकडं बघत होती, एकेक करून सगळ्यांकडं.

"अहो," ती म्हणाली, "लक्ष्म्यांची पावलं दारातून आत काढत येतात. ही तर बाहेर चाललीत."

खरंच की. बापड्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हौदापासून सुरू केलं, दाराकडं सरकत गेले, बोटं सगळी उंबऱ्याकडं. स्वतःच्या हातानं त्यांनी पोरीला घराबाहेर काढलं होतं. धोतराचा सोगा घेऊन ते पुसायला वाकले, तसं तिनं त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नका. घरातून माणूस निघालं की लगेच झाडलोट करीत न्हाईत."

ती उंबऱ्यापाशी खाली बसली. मास्तरही बसले. दारातून ऊन आत आलं होतं, फरशी तापायला लागली होती. आधी हौदाजवळचं पाऊल वाळलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं. ज्या क्रमानं काढली होती त्याच क्रमानं पावलं एकेक करून नाहीशी होत उंबऱ्याकडं येऊ लागली. कुणीतरी त्यांच्यासमोरून, न बोलता, चालत होतं. मास्तर ढसाढसा रडत होते. पोर गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

शेवटचं पाऊल उंबऱ्याला लागून होतं. प्रमोदिनीनं त्याच्याजवळ वाकून, लेकरू खेळायला निघताना आई सांगते तशा आवाजात सांगितलं, "जाते म्हणू नये, सिंधू. येते म्हणावं."

ऊन सरकत उंबऱ्यावर आलं आणि तेही वाळलं.