दिसणार नाही असा कॅमेरा

"बघू का?" असं विचारल्याशिवाय सरांनी कधी कुणाचा फोटो घेतला नाही. आमचं कामच ते असूनही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आम्ही नऊजण स्क्रीनच्या मागे बसणारा कॅमेरा बनवत होतो. फोनच्या किंवा टॅबच्या काचेवर वरती जो काळा ठिपका दिसतो, तो घालवायचा आणि भिंग आत, चित्राच्या मागे ठेवायचं. समोरून बघणाऱ्याला नुसती स्क्रीन दिसली पाहिजे.

चाचणीसाठी चेहरे लागायचे. सर खालच्या वॉचमनला, जिना झाडणाऱ्या मावशींना बोलावून समोर बसवायचे आणि म्हणायचे, "आता याच्यातून बघणार आहे. बघू का?" मावशी एकदा म्हणाल्या, इतकं तर माझ्या लग्नात पण कोणी विचारलं नव्हतं. सरही हसले, पण मावशींनी "हो" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं नाही.

तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेल, ज्याचं पद कुणाला धड सांगता येत नाही आणि ज्याच्याशिवाय काम मात्र अडतं. सर पन्नाशीचे. वडील वाशिमकडून मुंबईत आलेले, सर देवनारलाच लहानाचे मोठे झाले. डिप्लोमा केला, पुढे वीस वर्षं चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात काढली. भिंग बोटांत धरून ट्यूबलाइटकडे बघत ते जे सांगायचे, ते आमच्या मशीनला दहा मिनिटांनी कळायचं.

स्क्रीनच्या आडून येणारं चित्र धुरकट असतं. ते साफ करणारा प्रोग्राम माझा होता. माझा चेहरा त्यात झकास यायचा. कमी उजेडात सर बसले की मात्र त्यांचा सावळा चेहरा पुसल्यासारखा व्हायचा.

"माझं नाक कुठे ठेवलंस गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उजेड कमी आहे सर.

"उजेड तुझ्यावर पण तेवढाच आहे ना," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मी तीन आठवडे पुन्हा बसले, आणि त्यांचं नाक जागेवर आणलं.

हा कॅमेरा त्यांना कशासाठी हवा होता, ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांची आई गावी होती. व्हिडिओ कॉलवर ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि कॅमेरा वरच्या कडेला, त्यामुळे इकडे सरांना तिची नजर सतत खाली झुकलेली दिसायची. रुसल्यासारखी. पहिला नमुना चालू लागला तेव्हा कंपनीच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या, परवानगीने त्यांनी तो टॅब गावी पाठवला. तो पोचला त्या रात्री ते आईशी त्यावर बोलले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पूर्ण पिकलाय. चार वर्षं रोज बोलतोय मी तिच्याशी, मला दिसलाच नव्हता." पुढच्या आठवड्यात जाऊन तिचं ऑपरेशन करून आले.

नंतर ते काम आलं. मुलुंडच्या एका पॅकिंग कंपनीला भिंतीवर लावायच्या स्क्रीन हव्या होत्या. पाळीच्या वेळा, सूचना वगैरे त्यावर दिसणार, आणि मागे आमचा कॅमेरा. सरांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, या लावणार कुठे? साहेब म्हणाले, तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. तेव्हा सरांनी हट्ट धरून स्क्रीनच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा दिवा बसवून घेतला. कॅमेरा चालू असला की तो लागायचा. दिव्याची तार थेट कॅमेऱ्याला जोडा, म्हणजे कुणाला बंद करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब म्हणाले, आता वेळ नाही, सध्या प्रोग्रामनेच चालू दे.

महिन्याभराने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकाला दिवा बंद ठेवायची सोय हवी होती. सरांना सांगू नकोस, म्हणाले, उगाच अडून बसतील. मी ते एका दुपारी करून दिलं. मला कळलं नव्हतं असं आज मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. सरांनी तपासलेला नमुना दिवा लागणाराच होता. त्या नमुन्याच्या अहवालावर त्यांनी सही केली, आणि माल गेला.

सात महिन्यांनी दोन बायका आमच्या गेटवर आल्या. एक चाळिशीची, एक तरुण. कंपनीत बायका जिथे कपडे बदलून युनिफॉर्म घालायच्या, त्याच खोलीत यातली एक स्क्रीन लावलेली होती. ती बिघडली म्हणून इलेक्ट्रिशियनने उघडली, तेव्हा काचेमागचं भिंग दिसलं. सुपरवायझरने त्यातून फोटो काढून ठेवले होते. त्यांच्यातल्या एका मुलीचे फोटो कुणाकुणाच्या फोनवर फिरले, आणि ती काम सोडून गावी निघून गेली होती. पोलिसांत तक्रार देऊन त्या स्क्रीनमागच्या स्टिकरवरच्या आमच्या पत्त्यावर आल्या होत्या.

साहेबांनी वॉचमनला सांगितलं, घालवून दे. सर स्वतः खाली गेले आणि त्यांना वर घेऊन आले. पाणी दिलं. टेबलावर तसलीच एक स्क्रीन उघडून भिंग कुठे असतं ते दाखवलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"कुठे लावतील ते माहीत नव्हतं," सर म्हणाले. "पण कुणाला दिसणार नाही, हे मीच बघितलंय."

त्यांनी दिव्याचं विचारलं. बायका म्हणाल्या, दिवा कधीच लागला नाही. त्या गेल्यावर सरांनी मुलुंडला गेलेला प्रोग्राम त्या स्क्रीनवर चढवला, सगळ्या सेटिंग्ज एकेक करून बघितल्या आणि मला बोलावलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अडवलं असतं."

"हो," ते म्हणाले. "अडवलं असतं."

त्यांनी ती स्क्रीन बंद केली. मग म्हणाले की उद्या मी पोलिसांत जबाब द्यायला जातोय. दिवा बंद करायची सोय आपल्याच ऑफिसात झाली, हे सांगणार. तुझं नाव घेणार नाही, ते तुझं तू सांग. मी मान डोलावली.

मी सांगितलं नाही. आधी वाटलं, या आठवड्यात नको. मग त्यांना कामावरून काढलं, आणि मला आणखी भीती वाटायला लागली. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही. त्यांचा मला दोनदा फोन आला. मी तो वाजू दिला. तिकडे सुपरवायझर जामिनावर सुटून कामावर हजर झाला होता. ती मुलगी परत आली नाही.

दीड वर्षाने मावशींकडून कळलं की सर गेले. सकाळी घरीच, छातीत दुखून. कोर्टात त्यांची साक्ष अजून झालीच नव्हती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम देवनारच्या बुद्धविहारात होता. मी मागे जाऊन बसले. शेजारी पांढऱ्या साडीत, गेटवर आलेल्या त्या चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, सरकून जागा दिली. तुम्ही नात्यातल्या का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकाच ऑफिसात होतो.

त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. प्रत्येक तारखेला सर यायचे. तारीख पुढे गेली की या बायकांना चहा पाजून परत जायचे. दिव्याचं नक्की कुणी केलं, असं पोलीस त्यांना दर वेळी विचारायचे.

"ते म्हणायचे, एक मुलगी आहे आमच्याकडे, ती येईल," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत म्हणायचे. आता ते पण नाहीत. आतलं सांगणारं कोणीच राहिलं नाही."

पुढे कोणीतरी सरांबद्दल बोलत होतं. मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

"ती मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघतील, उठून जातील, असं वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि त्यावरची पुढची तारीख मला दाखवली.

"सकाळी साडेदहाला," त्या म्हणाल्या. "या वेळेला तरी या."

मी हो म्हटलं. मेणबत्त्या लावायला लोक उठले होते. त्याही उठल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.