अंगठ्याचा हुंकारा

एरंडोलच्या स्टँडवर माझे वडील, आबा, एस.टी.ची खिडकी धरून उभे होते. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते आणि ते आपले कापसाचं, म्हशीचं, काकाच्या नव्या विहिरीचं सांगत सुटले होते. निरोपाचं एक अक्षर नाही. मी आतून "हूं, हूं" करत होते. आमच्याकडे मोठं माणूस बोलताना हुंकारा द्यायचाच. जो गप्प बसला तो ऐकतच नाही, असं समजतात. गाडी हलली तरी आबा बोलत होते, आणि ऐकू येईनासं झालं तरी मी हुंकारा देतच होते.

पुण्यात मी परदेशी जाणाऱ्या नर्सेसची इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेची तयारी करून घेऊ लागले. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. टेबलावर टेपरेकॉर्डर, पोरींपुढे प्रश्नपत्रिका. कॅसेट एकदाच वाजणार, ऐकता ऐकता उत्तरं लिहायची, कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या शांततेत धुळ्याकडची सुनंदा टेपमधल्या बाईला खुशाल "हूं" म्हणाली. वर्ग खो खो हसला. मी टेप थांबवला.

तिची तिकडची नोकरी ठरली होती, घोडं अडलं होतं ते या परीक्षेपाशी. हॉलमध्ये असा आवाज केला तर बाहेर काढतील, म्हणून मी तिला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. तिनं लावलं, आणि निम्मी उत्तरं चुकवली.

"मॅडम, हुंकारा नहीं दिधा ते मना कानच बंद व्हतस," ती खाली मान घालून म्हणाली.

पुण्याच्या त्या खोलीत आपली अहिराणी ऐकून मला भरूनच आलं. मग सुचलं. म्हटलं, हुंकारा दे, पण पायानं. चपलेतल्या चपलेत अंगठा दाबायचा, कुणाला पत्ता लागणार नाही. रोज कॅसेट लावून तेच करत बसलो. ती पास झाल्याचं सांगायला आली तेव्हा इतकं हायसं वाटलं, की तिला बस म्हणायच्या आधी मीच खुर्चीत बसले.

पण पोरींना गप्प राहायला शिकवता शिकवता मीही गप्प झाले होते. त्या रविवारी एसटीडी बूथवरून गावी फोन लावला. आबा बोलत होते आणि मी जिवाचा कान करून ऐकत होते. बोलणं मध्येच थांबलं. मला वाटलं, लाइन गेली.

"हुंकारा दे ना वं माय. मी काय भितडासंगे बोली ऱ्हायनू?"

इकडे भिंत नाही, मी आहे हे कळावं म्हणून मी "हूं" म्हणाले, चांगलं मोठ्यानं. बाहेर रांगेतले लोक बघायला लागले. आबा पुन्हा सुरू झाले, पहिल्यापासून.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुझं घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजूनही एरंडोलच सांगते. आबा आता नाहीत. सुनंदा मात्र तिकडून फोन करते, ड्युटीचं, बर्फाचं, पोरांचं अहिराणीत सांगत सुटते. मी जरा गप्प झाले की थांबते, आणि हुंकारा येईपर्यंत पुढं बोलत नाही.